प्रश्नावलीत नसलेलं संत्रं

गेली काही वर्षं माझा दिवस लोकांच्या लघवीनं सुरू होतो. हे वाक्य मी एका लग्नात शेजारी जेवत बसलेल्या काकूंना ऐकवलं, तेव्हा त्या ताट उचलून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ‘तू नेमकं काय काम करतेस?’ या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच सरळ उत्तर आहे. जुनाट श्वासविकार झालेल्या माणसांच्या लघवीत निरोगी माणसांपेक्षा काही वेगळं सापडतं का, हे मी शोधते. शरीर दिवसभर काहीतरी जाळतं, मोडतं, नव्यानं घडवतं आणि त्यातलं उरलंसुरलं लघवीतून बाहेर टाकतं. त्या उरल्यासुरल्यात आजाराची खूण लवकर मिळाली, तर छाती पुरती निकामी व्हायच्या आधी औषध सुरू करता येईल. मी या कामाला लागले ती आईमुळे.

आई उभ्या आयुष्यात विडीला शिवली नाही. वडील नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या वीजकेंद्रात होते आणि आम्ही तिथल्या कॉलनीत राहत होतो. घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या. शेगडी अंगणात पेटवायची आणि धूर ओसरला की मगच आत आणायची, असा सगळ्यांचाच नियम होता. आईला मात्र धूर ओसरेपर्यंत थांबायला फुरसत नसे. वडिलांची पहिली पाळी, माझी शाळा, दोघांचे डबे. ती धुमसती शेगडी तशीच आत घेई. अंघोळीचं पाणी मागच्या दारच्या चुलीवर तापे आणि तिथे ती फुंकणी घेऊन बसे. ती खोकायची, पण थंडीत कॉलनीतली प्रत्येकच बाई खोकायची. त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी एम.एस्सी.ला असताना एका हिवाळ्यात तिला सकाळी उठल्या उठल्या श्वासच घेता येईना. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तीन दिवसांनी ती बरी झाली तेव्हा तिथल्या माणसानं तिच्या तोंडात यंत्राची नळी दिली आणि म्हणाला, ‘जोरात फुंका, मावशी.’ आई त्याही अवस्थेत हसली. ‘जिंदगीभर फुंकतच तर आली, बाबू.’ ती जीव खाऊन फुंकली आणि कागदावर आकडा आला तो निरोगी छातीच्या अर्ध्याहून कमी. डॉक्टर चांगले होते. ‘जरा आधी आला असतात तर,’ एवढंच म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. ते वाक्य मी अजून सोडलेलं नाही.

घरी आल्यावर मी दोन नियम केले. चुलीजवळ जायचं नाही आणि संत्री खायची नाहीत. श्वास अडकला त्याच्या आदल्याच दिवशी आईनं अंगणातल्या उन्हात बसून चांगली तीन-चार संत्री खाल्ली होती. संत्रं थंड असतं, त्यानं कफ होतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. शिवाय मी घरातली पहिली एम.एस्सी. शिकणारी मुलगी होते आणि माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. आईनं दोन्ही नियम मुकाट्यानं पाळले. पुढे वडील निवृत्त झाले, आम्ही नागपुरात धरमपेठेच्या मागच्या गल्लीत राहायला आलो आणि वडील गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. चूल सुटली, गॅस आला. संत्र्याचा नियम तसाच राहिला. दर हिवाळ्यात आई माझ्यासाठी संत्री आणायची, सोलायची, एकेका फोडीवरच्या शिरा आणि आतल्या बिया काढून वाटी माझ्यासमोर ठेवायची. मग हात धुऊन टाकायची.

संशोधनाला लागल्यावर पहिले दोन हिवाळे मी नमुने गोळा करण्यात घालवले. खापरखेडा, सावनेर आणि आसपासची गावं पालथी घातली. खाणीतून निवृत्त झालेले, वीजकेंद्राच्या राखेच्या कामावर असलेले, आणि चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायका तर कितीतरी. माझ्या हातात चार पानी प्रश्नावली असे. विडी ओढता का, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता का, चूल की गॅस, औषधं कोणती, चहा किती, उपास करता का. लोक न कंटाळता उत्तरं देत. आदल्या दिवशी मी दिलेली नमुन्याची डबी दुसऱ्या दिवशी कापडात गुंडाळून, कधी स्टीलच्या डब्यात लपवून, माझ्या हातात ठेवत. धाप लागलेला एक म्हातारा माणूस मला एस.टी. थांब्यापासून त्याच्या घरापर्यंत चालायला लागू नये म्हणून स्वतः डबी घेऊन थांब्यावर येऊन बसला होता. आज या कामाकडे वळून पाहते तेव्हा यंत्रं आठवायच्या आधी ही माणसं आठवतात. त्यांचे उपकार कशानं फिटतील हे मला अजून कळलेलं नाही.

सावनेरकडच्या एका गावातल्या म्हाताऱ्या बाईनं डबी देताना मला विचारलं होतं, ‘ह्याच्यानं माह्या दम्याले काही फरक पडन का वं?’

खोटं बोलणं जिवावर आलं. म्हटलं, ‘तुम्हाला नाही पडणार, मावशी. पडलाच तर पुढच्या कोणाला तरी.’

‘मंग घेऊन जा. पुढच्याले तरी होऊ दे.’

मी तिला म्हटलं की माझ्या आईलाही हाच आजार आहे. मी निघताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डबीवर मी सत्तेचाळीस नंबर टाकला आणि बर्फाच्या पेटीत ठेवली.

निरोगी माणसांचे नमुने मिळवणं त्या मानानं सोपं गेलं. अर्धे तर आमच्याच विभागातले होते. हिवाळ्यात आमच्या विभागाचा एक रिवाज आहे. दुपारी डबे खाल्ले की सगळे गच्चीवर उन्हात जाऊन बसतात आणि कोणी ना कोणी पिशवीभर संत्री आणलेली असतात. सालांचा ढीग मध्ये आणि भोवती आम्ही. तिथेच मी एकेकाला पटवलं. ‘उद्या सकाळची पहिली लघवी द्या,’ असं म्हटल्यावर जो तो खोकून खोकून आपण आजारी असल्याचं दाखवू लागला. तरी दिल्या सगळ्यांनी.

मग यंत्राची पाळी आली. हे यंत्र लघवीतले रेणू एकेक करून तोलतं आणि पडद्यावर टेकड्यांची रांग काढतं. जो पदार्थ जास्त, त्याची टेकडी उंच. हजारो टेकड्या, आणि त्यातली आजाऱ्यांची कोणती नि निरोग्यांची कोणती हे शोधायचं. आठ-नऊ महिने मला काहीच दिसलं नाही. जिथे थोडाफार फरक दिसे तिथे शंकाही तेवढीच असे. आणि एका सकाळी ती टेकडी दिसली. निरोगी माणसांत उंच, आणि आजाऱ्यांत पार सपाट. डोळ्यांना दिसावा एवढा फरक. मी खुर्चीवरून उठले आणि प्रयोगशाळेत उगाचच दोन फेऱ्या मारल्या.

माझ्या मनात लगेच गोष्ट तयार झाली. दुखणाऱ्या फुप्फुसाला हा पदार्थ लागत असणार, म्हणून शरीर तो वापरून संपवत असणार. ज्याच्या लघवीतून तो नाहीसा होऊ लागेल, त्याला आजार लागू लागलाय. एक डबी, एक तपासणी, आणि कॉलनीतल्या खोकणाऱ्या बायकांतून माझ्या आईसारखी आधीच वेगळी काढता येईल. मी ज्या ‘जरा आधी’च्या मागे होते, ते हेच. संगणकानं त्या वजनाच्या पदार्थांची एक यादीही दिली. तिच्यातल्या एका नावापुढे ‘वनस्पतीतून येणारा’ असं लिहिलं होतं. ते मी वाचलं आणि पुढे गेले. मला माणसाच्या शरीरात तयार होणारा पदार्थ हवा होता, म्हणून मी यादीतला तसलाच एक उचलला.

माझे मार्गदर्शक, ज्यांना मी सर म्हणते, ते असल्या वेळी फार थंड असतात. ‘ओळख पटल्याशिवाय बारसं करू नका,’ म्हणाले. मी मनात बारसं करून मोकळी झाले होते आणि शोधनिबंधही लिहायला घेतला होता.

अडचण एकच होती. सत्तेचाळीस नंबर. ती बाई आजारी, तिची छाती माझ्या आईपेक्षा वाईट, आणि तिची टेकडी सगळ्या निरोगी माणसांपेक्षाही उंच. बाकी सगळे ओळीत आणि ही एकटी अशी. एखादा नमुना वगळायचा ठरवलं की कारणं आपोआप सुचतात. मी लिहिलं, ‘नमुन्यांची अदलाबदल झाली असावी.’ सरांनी तेवढ्याच ओळीवर बोट ठेवलं.

‘झाली असावी, की झाली?’

‘सर, एकच तर नमुना आहे.’

‘म्हणूनच म्हणतो. एकच आहे, तर जाऊन विचारून या.’

मला राग आला. माझा राग नाकावरच असतो, हे विभागात सगळ्यांना ठाऊक आहे. दार आपटून मी निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची सावनेरची एस.टी. धरली.

बाई घरी नव्हती. संत्र्यांच्या छपरात सापडली. बगिच्यातून आलेला माल तिथे निवडायला पडतो. मोठी एकीकडे, लहान एकीकडे, डागी बाजूला. ती पोत्यावर पाय पसरून बसली होती आणि चारी बाजूंनी संत्री होती. मला पाहून म्हणाली, ‘ये वं पोरी, बस. आजबी डब्बी आणली का?’

मी प्रश्नावली काढून पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागले. मूत्रपिंडाचा त्रास? नाही. जडीबुटी? नाही. नवीन गोळ्या? नाही. ती दोन शब्द बोलायची, श्वास घ्यायची, आणि हात मात्र चालूच. बोलता बोलता तिनं बाजूचं एक डागी संत्रं उचललं, सोललं, अर्धं माझ्यापुढे धरलं. मी मान हलवली. तिनं उरलेल्या अर्ध्यातली फोड तोंडात टाकली आणि मी लिहायची थांबले.

‘मावशी, तुम्ही संत्री खाता?’

‘काहून नाही खायचे?’

‘दमा आहे ना तुम्हाला.’

‘दमा मले चुलीनं देल्ला. संत्र्यानं काय केलं माह्यं?’ तिनं श्वास घेतला. ‘सून म्हनते खाऊ नका, कफ होते. मी म्हनलं, दिवसभर संत्र्यात बसून राहिली अन् एक तोंडात नाही टाकायचा, तर बसू कायले इथं?’

‘रोज खाता?’

‘डागी निघाले ते समदे माह्येच.’

मी विचारलं, गावातले बाकीचे दम्याचे लोक खातात का? तिनं मान हलवली. ‘कोनी नाही खात. समद्यायले घरच्यायनं बंद केलं.’

मला काय झालं हे तिला कळलं नसणार, पण माझा चेहरा पाहून तिनं पाणी दिलं. निघताना तिनं एक पिशवी घेतली आणि चांगल्या मालातली, डाग नसलेली संत्री एकेक निवडून तिच्यात टाकली. मी नको नको म्हणत होते.

‘तुले नाही देऊन राहिली. तुह्या आईले आहे.’

एस.टी.त मांडीवर ती पिशवी घेऊन बसले आणि सगळं उलगडत गेलं. गच्चीवरचं ऊन, सालांचा ढीग, त्याभोवती बसलेले आमचे सगळे निरोगी नमुने. आणि तिकडे गावोगावी हिवाळाभर संत्र्याला हात न लावणारे आजारी. चार पानी प्रश्नावलीत मी खर्ऱ्यापासून उपासापर्यंत सगळं विचारलं होतं, पण संत्री खाता का, हे विचारलं नव्हतं. हिवाळ्यात नागपूरच्या माणसाला हे कोण विचारतं? दुसऱ्या कुठल्याही शहरातल्या माणसानं ही प्रश्नावली केली असती, तर त्यानं विचारलं असतं. आम्हाला ते सुचलंच नाही.

तरी खात्री करायला हवी होती. सर आणि मी, दोघांनी चार दिवस संत्रं बंद केलं आणि पाचव्या दिवशी एकेक खाल्लं. रोजच्या डब्या ठेवायच्या म्हणून मी त्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि आईनं घर डोक्यावर घेतलं. ‘देवाच्या नैवेद्याचं दूध आहे त्याच्यात! तुले काही वाटते का नाही?’ मग शांत झाल्यावर, ‘अन् संत्रे काहून खाऊन नाही राहिली तू? बरं नाही का तुले?’ मी कामाचं आहे म्हणून उडवून लावलं. पाचव्या दिवशी पिशवीतलं एक खाल्लं. पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती आणि आई तिच्याकडे बघतही नव्हती.

आठवड्याभरानं निकाल आला. चार दिवस सपाट, आणि पाचव्या दिवसानंतर आमच्या दोघांच्याही लघवीत ती टेकडी जागच्या जागी उभी. यादीतलं ‘वनस्पतीतून येणारा’ हेच नाव खरं होतं, आणि तो येत होता संत्र्यातून. सर पडद्याकडे पाहत म्हणाले, ‘तुमचं यंत्र मात्र उत्तम आहे हं. एवढ्या माणसांतून संत्रं कोण खातं, हे त्यानं बिनचूक सांगितलं.’ मी हसले आणि मग बेसिनपाशी जाऊन रडले. निबंध गेला, वर्ष गेलं, आईसारख्या बायकांसाठीची ती तपासणी गेली. आणि तरी सत्तेचाळीस नंबर मी खोडून टाकला असता तर काय झालं असतं, या विचारानं अंगावर काटा आला. ती बाई आणि सर, मी जन्मभर मिरवलं असतं अशा एका खोट्यातून या दोघांनी मला वाचवलं.

काम थांबलेलं नाही. जिथे फरक थोडा आणि शंका जास्त होती, त्या बारक्या टेकड्यांकडे मी परत गेले आहे. त्यांतल्या दोन-तीन तग धरून आहेत. त्यांचं बारसं मी केलेलं नाही. नव्या प्रश्नावलीत खाण्यापिण्याचंच एक पान आहे आणि त्यातला पहिला प्रश्न संत्र्याचा आहे.

पण निकाल आला त्या दुपारी मला यातलं काहीच सुचत नव्हतं. एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. समद्यायले घरच्यायनं बंद केलं. इतके दिवस मी जिला आजाराची खूण समजले, ती घरच्यांनी घातलेली बंदी होती. आणि एका घरातली बंदी कोणी घातली हे मला नीट माहीत होतं. घरी जाताना मी आईच्या डॉक्टरांकडे थांबले आणि विचारलं, संत्र्यानं आईचा आजार वाढतो का? ते म्हणाले, ‘कोणी सांगितलं तुम्हाला? आवडत असेल, सोसत असेल, तर खाऊ द्या की.’ मी काय सांगणार, कोणी सांगितलं ते.

घरी पोचले तेव्हा बाल्कनीत ऊन होतं. पिशवीत चार संत्री उरली होती. आई त्यांतलं एक सोलत होती, अर्थात माझ्यासाठी. फोडीवरची शीर काढायला ती नखांनी हळूहळू ओढत होती आणि मध्ये मध्ये दम घेत होती. मी तिच्यासमोर खाली बसले.

‘आई, हे तू खा.’

‘मले चालत नाही ना.’

‘चालतं. तेव्हाही चालत होतं. माझं चुकलं.’

मग मी सगळं सांगितलं. छपरातली बाई, सपाट टेकड्या, माझा नियम. डॉक्टरांनी तेव्हा संत्र्याचं नावही काढलं नव्हतं, मीच ठरवलं होतं, हेही सांगितलं.

‘मंग त्या दिवशी मले कशानं झालं होतं?’

‘धुरानं, आई. इतक्या वर्षांच्या धुरानं.’

‘म्हणजे इतके साल उगाच?’

‘उगाच.’

ती रागावेल, निदान बोलेल तरी, अशी माझी अपेक्षा होती. कबूल करते, तिनं रागवावं अशी इच्छाही होती. तिनं हातातल्या फोडीची राहिलेली बी काढली आणि सालावर ठेवली.

‘डॉक्टरनं बंद केलं असतं ना,’ ती म्हणाली, ‘तर मी चोरून खाल्लं असतं. तुह्या बाबाचंही नसतं ऐकलं. तू म्हटलं म्हणून नाही खाल्लं.’

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. वर तिच्या श्वासाची शीळ ऐकू येत होती, आणि मग तिनं फोड तोंडात टाकल्याचं कळलं. ती सावकाश चावत होती.

‘आंबट आहे,’ आई म्हणाली, आणि दुसरं सोलायला घेतलं.